प्लेगचे क्रूस आणि परळची लस

धर्म आणि विज्ञान यांच्या भांडणाचा विषय निघाला की आपल्याकडेही गॅलिलिओ आणि डार्विन यांचीच नावे घेतली जातात. मुंबईच्या ख्रिस्ती समाजाची झोप मात्र या दोघांनी फारशी उडवलेली दिसत नाही. त्याच्या श्रद्धेची खरी परीक्षा रे रोड ते परळ एवढ्या टापूत झाली, आणि ती गाठीच्या तापाने घेतली. रे रोड स्थानक १९१० चे. त्याच्या पश्चिमेला, माझगावात, माथारपाखाडीसारख्या ईस्ट इंडियनांच्या (मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या) वस्त्या त्याहून कितीतरी जुन्या. माझगाव, खोताचीवाडी, वांद्रे अशा ठिकाणी गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले अनेक क्रूस १८९६ नंतरच्या प्लेगातले म्हणून सांगितले जातात. साथ टळावी म्हणून त्यांच्यापुढे लदीन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, म्हटली जाई.

पण मांडवीत पसरणारा ताप हा प्लेगच आहे, असे सप्टेंबर १८९६ मध्ये ओळखणारे डॉ. अकासियो विएगस हेही गोव्याचे कॅथलिकच होते. म्हणजे क्रूस उभारणारा आणि निदान करणारा, दोघेही एकाच धर्माचे. जानेवारी १८९७ मध्ये जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगवरची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी केली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. ती वास्तू मूळची जेसुइटांची. इंग्रजांनी ती त्यांच्याकडून काढून घेतलेली. (या योगायोगाला गूढ अर्थ चिकटवू नये, मुंबईत मोठ्या इमारती हात बदलतच आल्या आहेत.)

विज्ञानाला तेव्हा सगळे उमगले होते, असेही नाही. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. तो माणसात शिरतो कसा, हे मात्र ठाऊक नव्हते. म्हणून सरकार गटारांत कार्बोलिक ओतत होते आणि घरे चुन्याने रंगवत होते. उंदरावरची पिसू हे कारण पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले, तरी बरीच वर्षे ते कोणी मनावर घेतले नाही. १९०५ पासून परळला प्लेग आयोगाने गिनीपिगांवर प्रयोग केले तेव्हा ते पटले. पिसवेच्या बाबतीत लदीन म्हणणारा आणि कार्बोलिक ओतणारा सारखेच अंधारात होते. फरक एवढाच, की कार्बोलिक चुकते आहे का हे तपासून पाहायची सोय होती आणि ते तपासले गेले.

मग क्रूस नापास झाला का? क्रूसाने रोग अडतो असा दावा असेल, तर हो. प्लेगने वस्त्या निवडताना धर्म पाहिला नाही. यावर भाविकाचे उत्तर असे, की प्रार्थना म्हणजे औषध नव्हे, ते संकटात धरलेले धैर्य. विज्ञान पुढे सरकले की श्रद्धेने आपला दावा आकसून घ्यायचा, ही पळवाट आहे असा आक्षेप घेतला जातो. मला ती पळवाट वाटत नाही, मात्र तिची किंमत चुकवावी लागते. प्रार्थना औषध नव्हे असे एकदा म्हटल्यावर, वाचलेल्या रोग्याचे श्रेयही क्रूसाला देता येत नाही.

ही किंमत २०१२ मध्ये इर्ल्याच्या वेलंकणी चर्चपाशी चुकवायची वेळ आली. तिथल्या क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले, भाविक ते भरून नेऊ लागले. बुद्धिवादी सनल एदमारुकू यांनी जवळच्या तुंबलेल्या गटाराकडे बोट दाखवले: पाणी केशाकर्षणाने भिंतीतून चढत होते. धार्मिक भावना दुखावल्याबद्दल त्यांच्यावर कलम २९५ अ खाली तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला निघून गेले. चर्चने चमत्कार जाहीर केला नव्हता, तरी एदमारुकूंनी माफी मागावी, अशी मागणी मुंबई धर्मप्रांताने केली. एदमारुकूंनी दूरचित्रवाणीवर चर्चवर पैशासाठी चमत्कार रचल्याचे आरोपही केले, भावना त्याने दुखावल्या, असे सांगितले जाते. आरोपाला उत्तर द्यायला चर्चकडे व्यासपीठे होती. पाण्यासाठी प्लंबर पुरला असता.

मार्च २०२० मध्ये याच धर्मप्रांताने लोकांसाठीच्या मिस्सा थांबवल्या. त्या डिसेंबरात व्हॅटिकनने कोविडची लस घेणे नैतिकदृष्ट्या मान्य ठरवले. जिवावर बेतते तेव्हा प्रयोगशाळेचे म्हणणे ऐकायला चर्चला जड गेले नाही. भिंतीत मुरलेल्या पाण्याने कोणी मरत नव्हते. तिथे मात्र पोलीस ठाण्यापर्यंत मजल गेली.