डॉक्टर होण्याचा खर्च (लेखांक ११) : डॉक्टर कुणाला हवा आहे?

शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाचा हिशेब या आठवड्यात मांडायचा होता. तो पुढे ढकलतो, कारण जयपूरच्या झोटवाड्यातून आलेल्या पत्रातला प्रश्न कर्जाच्या आधी सुटायला हवा. पत्रलेखक तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरीला आहेत, मुलगी अकरावीत आहे आणि एमबीबीएसचा सगळा खर्च उचलणाऱ्या शिष्यवृत्त्यांची यादी त्यांना हवी आहे. अशा याद्या पुष्कळ फिरतात, पण त्यांच्या मागे लागलेलं घर दोन वर्षं अर्ज भरत राहतं आणि हाती पंधरा-वीस हजार रुपये लागतात. हुशारीवर खूश होऊन डॉक्टरकीचा संपूर्ण खर्च उचलणारा दाता क्वचितच भेटतो. जो उचलतो, त्याला बहुतेक वेळा स्वतःलाच डॉक्टर हवा असतो. म्हणून पैसे कोण देतं हे विचारण्याआधी डॉक्टर कुणाला हवा आहे, हे विचारावं.

याचे दाखले जुने आहेत. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने जो निधी उभा राहिला, त्यातून मुलींना वैद्यकीय शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. त्यामागे स्त्रीशिक्षणाचा कळवळा असेलही, पण खरं निकडीचं कारण वेगळं होतं. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नव्हत्या, आणि त्यांच्यासाठी काढलेल्या दवाखान्यांत बसवायला स्त्री डॉक्टर नव्हत्या. आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेतली, तेव्हा त्या मायदेशी परतण्याआधीच कोल्हापूर संस्थानाने त्यांना नेमणूक देऊ केली होती, कारण तिथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाला डॉक्टर हवी होती. जपानने हाच व्यवहार सर्वांत स्वच्छ शब्दांत मांडला आहे. १९७२ मध्ये तिथल्या सगळ्या प्रांतांनी मिळून जिची वैद्यकीय विद्यापीठ काढलं. प्रत्येक प्रांत दरवर्षी आपले दोन-तीन विद्यार्थी पाठवतो आणि शिक्षणाचा खर्च कर्जाऊ दिला जातो. शिक्षणाच्या दीडपट काळ, म्हणजे साधारण नऊ वर्षं, आपल्याच प्रांतात नेमून दिलेल्या ठिकाणी काम केलं की ते कर्ज माफ होतं. बहुतेक सगळे विद्यार्थी ही मुदत पुरी करतात.

आपल्याकडे या प्रकारातलं सर्वांत ठळक नाव पुण्याचं सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी. शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश असा सगळा भार सरकार उचलतं आणि बदल्यात लष्करी वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून काही वर्षं काम करायचं बंधपत्र घेतं. इथे अधिवासाची अट नाही, त्यामुळे झोटवाड्याची मुलगी आणि झारखंडचा मुलगा एकाच रांगेत असतात. नीट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर निवडलेल्यांची आणखी एक चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. मुलींच्या जागा थोड्या आहेत आणि नीटमध्ये बरेच वर राहावं लागतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची रीतही याच घराण्यातली. चर्चच्या संस्था विद्यार्थ्याला पुरस्कृत करतात, फी अगदी कमी असते आणि शिकून झाल्यावर त्या संस्थेच्या दवाखान्यात काही काळ काम करायचं असतं.

यावर कुणी म्हणेल की काहीही परत न मागणारे दातेही आहेत. अमेरिकेत न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०१८ मध्ये सर्वांची फी माफ केली. २०२४ मध्ये रूथ गॉट्समन यांनी ब्राँक्समधल्या आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयाला शंभर कोटी डॉलर दिले आणि तिथलीही फी संपली. दोन्ही कामं थोर आहेत, यात शंका नाही. पण न्यूयॉर्क विद्यापीठात फी माफ होताच अर्ज वाढले, प्रवेशाची चुरस वाढली आणि सुरुवातीच्या वर्षांत गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांचा वाटा वाढण्याऐवजी घटला. दारातली फी काढली की दारापर्यंत पोचलेल्यांचं भलं होतं. दारापर्यंतची वाट मात्र तेवढीच लांब राहते, आणि आपल्याकडे ती वाट नीटच्या शिकवणीतून जाते. राजस्थान सरकारची मुख्यमंत्री अनुप्रति कोचिंग योजना म्हणूनच मला नुसत्या फी-माफीपेक्षा मोलाची वाटते. ती ठरावीक गटांतल्या, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या मुलांच्या शिकवणीचा खर्च उचलते, तोही प्रवेशाच्या आधी, जेव्हा बाप कर्जही काढू शकत नाही.

खाजगी उद्योगांच्या शिष्यवृत्त्यांचा प्रश्न आकड्यांत पाहावा. कोटक कन्या शिष्यवृत्ती बारावीनंतर व्यावसायिक पदवीला गेलेल्या, मर्यादित उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत देते आणि एमबीबीएस त्यात धरलेलं आहे. जयपूरच्या १९४७ साली सुरू झालेल्या सवाई मानसिंह मेडिकल कॉलेजात वर्षाची फी लाखाच्या आत आहे, म्हणजे ही रक्कम फी भागवून वसतिगृहालाही उरते. तीच रक्कम अभिमत विद्यापीठात नेली, जिथे वर्षाला वीस लाखांच्या वर मागतात, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. शिष्यवृत्ती पूर्ण की अपुरी, हे देणाऱ्याच्या रकमेइतकंच जागेवर ठरतं. आपल्या देशात सरकारी जागा हीच सर्वांत मोठी शिष्यवृत्ती आहे, फक्त तिला कुणी त्या नावाने हाक मारत नाही. राजस्थानात सोसायटीमार्फत चालणाऱ्या नव्या सरकारी कॉलेजांत काही जागा व्यवस्थापन कोट्याच्या असतात आणि त्यांची फी कित्येक पट जास्त असते, एवढं पसंतिक्रम भरताना डोळ्यांत तेल घालून पाहावं.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांची एक वेगळी अडचण आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्राने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. ही बातमी वाचून जयपूर, इंदूर, बडोद्याच्या घरांत आशा उगवते. पण त्या योजनेला महाराष्ट्राचा अधिवास लागतो, आणि दहावी-बारावी बाहेर झाली असेल तर राज्याच्या ८५ टक्के जागांचं दारही सहसा बंद असतं. जातीच्या दाखल्याचंही तसंच. आंध्रातून मुंबईत आलेल्या अनुसूचित जमातीच्या एका विद्यार्थ्याने सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात राखीव जागेवर हक्क सांगितला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये ठरवलं की राज्य बदललं की तो दर्जा आपोआप सोबत येत नाही. तीन पिढ्या राजस्थानात काढलेल्या घराने म्हणून राजस्थानच्याच योजना धुंडाळाव्यात.

आणि आता झोटवाड्यासाठी सर्वांत जवळचं उत्तर, जे मला कुठल्याच यादीत दिसत नाही. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे कामगार ज्याला ‘ईएसआय कापतात’ म्हणतो, तो कायदा १९४८चा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्या पैशांतून या विम्याचं महामंडळ स्वतःची रुग्णालयं चालवतं, जयपुरातही त्याचं रुग्णालय आहे. रुग्णालयांना डॉक्टर हवेत, म्हणून महामंडळाने मेडिकल कॉलेजं काढली. फरिदाबाद, हैदराबाद, कलबुर्गी आणि राजस्थानात अलवर इथे ती आहेत. या कॉलेजांत विमाधारक कामगारांच्या मुलांसाठी वेगळा कोटा आहे. प्रवेश नीटवरच होतो, पण स्पर्धा फक्त विमाधारकांच्या मुलांमध्ये असल्याने गुणांची रेषा खुल्या वर्गापेक्षा पुष्कळ खाली थांबते, आणि फी वर्षाला चोवीस हजारांच्या आसपास असते. मधल्या काळात महामंडळाने वैद्यकीय शिक्षणातून अंग काढून घ्यायचं ठरवलं होतं. कोइम्बतूर आणि मंडीची कॉलेजं त्या-त्या राज्यांकडे गेली, अलवरची बांधून झालेली इमारत कित्येक वर्षं पडून राहिली. पुढे निर्णय फिरला, कारण रुग्णालयं होती आणि डॉक्टर कमीच होते. गरज टिकली म्हणून कोटाही टिकला.

सगळ्यात जड आक्षेप बंधपत्राचा. गरिबाच्या मुलीने तरुणपणाची वर्षं गहाण टाकायची आणि श्रीमंताच्या मुलाने मोकळं राहायचं, हा न्याय कसला? आक्षेप खरा आहे, पण तो सेवेच्या अटीला लागू होत नाही, अट विकत घेऊन सुटण्याच्या सोयीला लागू होतो. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सेवा, नाहीतर दहा लाख रुपये, असा नियम वर्षानुवर्षं चालत आला. ज्याच्याकडे दहा लाख होते त्याला तो नियम बांधत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांची सक्तीच्या सेवेची अट वैध ठरवली ती जनतेच्या पैशावर शिकल्याच्या आधारावर, आणि तो आधार मला पटतो. दंड भरून सुटायची वाट बंद केली तर सेवा सगळ्यांच्याच वाट्याला येईल. शिवाय तेवीस-चोवीस वर्षांच्या डॉक्टरने पगारासह जिल्ह्याच्या रुग्णालयात घालवलेली वर्षं वाया गेली असं म्हणणं मला मान्य नाही. प्रसूती, सर्पदंश, विषबाधा, अपघात हे सगळं हाताखालून जातं ते तिथेच.

पत्रलेखकांनी आता एवढं करावं. पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात दिसते का ते पाहावं, विमा क्रमांकाच्या नोंदीत मुलीचं नाव अवलंबितांत आहे याची खात्री करावी आणि वर्गणी ठरावीक काळ सलग भरलेली आहे का ते तपासावं, कारण कोट्याचं प्रमाणपत्र त्यावरच मिळतं आणि त्यासाठी अर्ज करायची मुदत दरवर्षी थोडेच दिवस उघडते. पगार २१,००० च्या वर गेला की चालू वर्गणीकाल संपेपर्यंतच विमा राहतो. हे काल एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. मुलगी बारावीत असताना पगारवाढ झाली तर त्या वर्षीची पात्रतेची तारीख आधी पाहून घ्यावी. व्याजाचा हिशेब पुढच्या आठवड्यात.