किलोभर स्फुरद, तळंभर शेवाळ

शेण म्हणजे खत. मग पावसात ते ओढ्यात गेलं तर बिघडलं कुठे, असं वाचक नेहमी विचारतात. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात याचा हिशेब चक्क मोजून ठेवला जातो. तिथल्या नॉर्थ वाइक संशोधन केंद्राने २०१० मध्ये आपली कुरणं १५ स्वतंत्र पाणलोटांत विभागली. खाली घट्ट चिकणमाती, त्यामुळे पाणी खोल मुरत नाही. आडवं सरकत कडेच्या खडी भरलेल्या चरात उतरतं आणि एकाच तोंडातून बाहेर पडतं. तिथे दर १५ मिनिटांनी नोंद होते: पाणी किती, नत्र किती, गढूळपणा किती. जुन्या जकात नाक्यावरसुद्धा इतकी कडक झडती नसे!

माल निघतो कसा? गाय जिथे मुतते तेवढ्या तुकड्यात नत्राचं प्रमाण हेक्टरी १००० किलोच्या घरात जाऊ शकतं. एवढं गवताला पचत नाही. उरलेलं नायट्रेट होऊन पाण्याबरोबर चालू लागतं. ओल्या रानात खुरांनी चिखल केला की मातीला चिकटलेलं स्फुरद मातीसकट निघतं. विरघळलेला सेंद्रिय कर्ब पाण्याला कोऱ्या चहाचा रंग देतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने स्फुरदाचा हा तोटा चिल्लर, बऱ्याचदा वर्षाला हेक्टरी एखाद-दोन किलो. पण गोड्या पाण्यातल्या शेवाळाचं घोडं सहसा याच चिल्लरीपाशी अडलेलं असतं. तळ्यांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर यांनी ते डोळ्यांना दिसेल असं दाखवलं. शेवाळ माजण्यात दोष कर्बाचा, स्फुरदाचा नव्हे, असं तेव्हा धुण्याच्या पावडरीत स्फुरद घालणारे साबणवाले सांगत. १९७३ मध्ये शिंडलर यांनी कॅनडातल्या ऑन्टारिओमधलं, कमरेत चिंचोळं असलेलं २२६ क्रमांकाचं तळं प्लास्टिकच्या पडद्याने दुभागलं. नत्र आणि कर्ब दोन्हीकडे टाकले, स्फुरद फक्त एकीकडे. काही आठवड्यांत ती बाजू शेवाळाने हिरवीगार झाली. पडद्यापलीकडचं पाणी तसंच राहिलं. विमानातून टिपलेल्या त्या फोटोने जे केलं, ते शंभर आलेखांना जमलं नसतं.

म्हणूनच ‘कुरणात कर्ब साठवा, क्रेडिट कमवा’ अशा जाहिराती दिसल्या की विचारावंसं वाटतं, पाण्याची वही तपासलीत का? मातीत कर्ब वाढणं चांगलंच, पण कर्ब जमेत आणि स्फुरद ओढ्यात, हे एकाच शेतात सुखाने नांदू शकतं. रान ओलं असताना गुरं आत सोडू नयेत, पाण्याची टाकी ओढ्यापासून लांब ठेवावी, काठाला गवताचा पट्टा राखावा. पट्टा माती अडवतो. विरघळलेलं स्फुरद मात्र बरंचसं निसटतं. तेव्हा माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघालं, तर खताची पुढची गोणी दुकानातच राहू द्यावी.