तिरंगी शेल्यातला कॅप्टन

अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये सेनाधिकाऱ्याचे तैलचित्र म्हणजे घराण्याची सनदच असे. यासँत रिगो यांच्यासारख्या दरबारी चित्रकाराने रंगवलेले सेनानी पाहावेत: अंगात लखलखते चिलखत, कमरेला शेला, हातात अधिकारदंड, मागे लढाईचा धूर. प्रत्यक्ष रणांगणावरून तसले पूर्ण चिलखत तोवर जवळजवळ हद्दपार झाले होते. तरी चित्रात ते हवेच असे, कारण चेहऱ्याइतकाच त्या माणसाचा दर्जाही दिसायला हवा होता. आणि दर्जा ठरत होता जन्माने. १७८१ च्या एका फर्मानाने तर थेट अधिकारपद हवे असणाऱ्याला चार पिढ्यांचे सरदारपण सिद्ध करायला लावले.

त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी, १७९७ साली, आन-लुई जिरोदे यांनी झाँ-बातिस्त बेले यांचे चित्र रंगवले. बेले आफ्रिकेत जन्मले, लहानपणीच सां-दोमँग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, गुलाम म्हणून विकले गेले. स्वतःच्या कमाईने त्यांनी आपले स्वातंत्र्य विकत घेतले. १७९३ मध्ये तिथल्या काप-फ्राँसे शहरातल्या लढाईत ते पायदळाचे कॅप्टन म्हणून लढले आणि जखमी झाले. त्याच वर्षी वसाहतीने त्यांना प्रतिनिधी म्हणून निवडले. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या कन्व्हेन्शनने, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या राष्ट्रीय सभेने, फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली, तेव्हा ते सभागृहात सदस्य म्हणून बसलेले होते. या चित्राकडे बहुधा गुलामगिरीमुक्तीचे प्रतीक म्हणून पाहिले जाते. माझे म्हणणे असे, की ते आधी एका अधिकाऱ्याचे व्यक्तिचित्र आहे आणि त्याचे सारे बळ त्यातच आहे. डौलदार, किंचित रेललेली उभी ठेवण, कमरेचा तिरंगी शेला, पिसांचा तुरा लावलेली टोपी, मागचा मोकळा डोंगराळ प्रदेश: पिढीजात सरदारांसाठी घडलेली ही चित्रभाषा जिरोदे यांनी जशीच्या तशी उचलली आणि ज्यांना वंशावळ म्हणून दाखवायला काहीच नव्हते, अशा माणसाला दिली.

कोणी म्हणेल, हा पोशाख लोकप्रतिनिधीचा आहे, सैनिकी गणवेश नव्हे. खरे आहे. पण बेले यांना त्या सभागृहापर्यंत नेणारी वाट लढाईतूनच गेली होती, आणि क्रांतीने आपल्या प्रतिनिधींना शेला-तुरा दिला तो सेनानीचा रुबाब त्यांनाही लाभावा म्हणूनच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बेले टेकले आहेत ते आबे रेनाल यांच्या पांढऱ्या संगमरवरी अर्धपुतळ्याच्या चौथऱ्याला. युरोपीयांच्या ‘दोन्ही इंडिज’मधल्या, म्हणजे आपल्याकडच्या आणि अमेरिकेकडच्या, व्यापाराचा इतिहास लिहून गुलामगिरीवर कोरडे ओढणारे हे ग्रंथकार. मग काळ्या माणसाचे स्वातंत्र्य हे गोऱ्या विचारवंताचे दान ठरत नाही का? मला तसे वाटत नाही. रेनाल १७९६ मध्ये वारले होते. चित्रात ते दगड आहेत, रंगहीन, बाहुल्या नसलेल्या डोळ्यांचे. बेले यांच्या पिकू लागलेल्या केसांत, कानातल्या बाळीत, कातडीवरच्या उजेडात जीव आहे, आणि त्यांची नजर पुतळ्याकडे नाहीच. ती चौकटीबाहेर, दूर कुठेतरी लागली आहे. उपकृत माणूस असा उभा राहत नाही.

तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. १७९७ च्या पहिल्या प्रदर्शनात हे चित्र ‘एका निग्रोचे व्यक्तिचित्र’ एवढ्याच नावाने टांगले गेले. अधिकाऱ्याचा सगळा साज अंगावर असताना प्रेक्षकांना सांगितला गेला तो फक्त वर्ण. पुढच्या वर्षीच्या सलों या कलाप्रदर्शनात मात्र ‘नागरिक बेले, वसाहतींचे माजी प्रतिनिधी’ अशी नोंद झाली. रंगाचा एक फटकाराही न बदलता केवळ नावाने चित्र बदलते, म्हणून ते नाव उच्चारण्याचा माझा आग्रह आहे.

१८०२ मध्ये नेपोलियनच्या राजवटीने वसाहतींतली गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली. त्याच वर्षी सां-दोमँगमध्ये फ्रेंच फौजेबरोबर असलेल्या बेले यांना अटक करून फ्रान्सला नेले गेले, आणि १८०५ मध्ये बेल-ईल बेटावर कैदेतच त्यांचा अंत झाला. त्यांचे चित्र आज व्हर्सायच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे.