एकास पस्तीसचा हिशेब

रणगाडा हा मराठीतला फार नेमका शब्द आहे. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात आपले नवे यंत्र लपवण्यासाठी पाण्याच्या टाक्या बनत असल्याची बतावणी केली आणि 'टँक' हे नाव चिकटले ते चिकटलेच. मराठीने ती बतावणी बाजूला सारून सरळ गाडा म्हटले. असा एक गाडा सध्या लोणारला माझ्या टेबलावर उभा आहे. सेंच्युरियन जातीचा, प्लॅस्टिकचा, तोफेसकट अठ्ठावीस सेंटिमीटर लांब.

निवृत्त बँक अधिकाऱ्याने कादंबऱ्या लिहाव्यात, हे गावाने कसेबसे पचवले. त्याने भिंग लावून खेळणी जोडावीत हे काही पचत नाही. पण ज्याने दिवसअखेर चार आण्यांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत खतावण्या उलटल्या आहेत, त्याला हा खेळ परका वाटत नाही. येथेही सगळा प्रश्न ताळा जुळण्याचाच आहे.

रणगाड्यांच्या प्रतिकृतींचे जगभर रूढ झालेले प्रमाण एकास पस्तीस. हा आकडा कोणा गणितज्ञाने काढला असेल असे वाटते. प्रत्यक्षात जपानच्या तमिया कंपनीने साठीच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचे किट काढले, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत एवढाच विचार होता. मागाहून मोजले तर ते मूळच्या साधारण पस्तिसावा भाग भरले. आधी नोंद आणि मग तिला शोभेल असे व्हाउचर, असा हा प्रकार! पण पुढे त्याच कंपनीने संग्रहालयांत जाऊन खऱ्या रणगाड्यांची मापे आणि छायाचित्रे घेतली आणि अचूकपणाची चढाओढ सुरू झाली.

ही चढाओढ कुठे अडते ते सांगतो. एकास पस्तीसमध्ये खऱ्या गाड्याचा मिलिमीटर म्हणजे केसाहून बारीक अंतर. सेंच्युरियनच्या बाजूला लावलेले संरक्षक पत्रे जेमतेम पाच-सहा मिलिमीटर जाडीचे. प्रतिकृतीत ते वहीच्या दोन कागदांइतके पातळ हवेत. साच्यात ओतलेले प्लॅस्टिक इतके पातळ निघत नाही. ते मिलिमीटरभर जाड ठेवले, तर खऱ्या हिशेबाने तो पत्रा पस्तीस मिलिमीटरचा झाला. म्हणून हौशी माणूस अ‍ॅसिडने कोरलेला पितळी पत्रा वेगळा विकत घेतो. सेंच्युरियनला पहिल्यांदा सतरा पौंडी तोफ होती, मग वीस पौंडी आली, म्हणजे ८४ मिलिमीटर व्यासाची. नंतर १०५ मिलिमीटरची आली. माझ्या टेबलावर या दोन नळ्यांच्या भोकात फरक किती? अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. तेवढ्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची कातलेली नळी मागवावी लागते.

वजनाचे मात्र कोणी नाव काढत नाही. खरा गाडा सुमारे एक्कावन्न टनांचा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही पस्तीस पटींनी घटवली तर वजन बेचाळीस हजार आठशे पंचाहत्तर पटींनी घटते. म्हणजे काटेकोर प्रतिकृती सव्वा किलोची हवी. माझी पाव किलोच्या आसपास आहे.

आता खर्च. मूळ किट साडेतीन हजारांचे. पितळी पत्रा, नळी, सुट्या कड्यांचे साखळपट्टे, रंग, हवेच्या दाबाने रंग उडवणारी पिचकारी असे करत आकडा नऊ हजारांवर गेला. पासबुक पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, साडेतीनचा गाडा आणि साडेपाचचे दागिने?" त्यांचे निदान चोख आहे. पण मुळातल्या साडेतीन हजारांतही सरकारचा वाटा मोठा. प्रतिकृती आयातशुल्काच्या यादीत खेळण्यांच्याच सदरात मोडतात. खेळण्यांवरचे शुल्क २०२० मध्ये वीसवरून साठ टक्क्यांवर गेले, २०२३ मध्ये सत्तरवर. देशी खेळण्यांना आधार मिळावा हा हेतू रास्तच. पण या जातीचे किट आपल्याकडे बनत नाही, त्यामुळे आधार कोणाला मिळाला, हे मी एखाद्या कर्जप्रस्तावावर शेरा मारावा तसे विचारतो आहे.

आणि बनणार तरी कसे? पोलादी साचा कोरण्याचा खर्च एकदाच होतो, पण तो प्रचंड असतो. किती पेट्या खपतील त्यावर तो भागायचा. जर्मनांचे टायगर रणगाडे जेमतेम साडेतेराशे बनले, पण त्यांची किटे मोजवत नाहीत. आपल्या आवडीत बनलेले विजयंता सुमारे बावीसशे. दुकानातल्या एकाही पेटीवर मी विजयंताचे चित्र पाहिलेले नाही.

म्हणूनच मी सेंच्युरियन घेतला. तो ब्रिटिश बनावटीचा, पण मला त्यातून एकच विशिष्ट गाडा करायचा आहे. नाव फामागुस्ता, क्रमांक जेएक्स २०२. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत याच गाड्यात पडले. जन्म पुण्यातला, वय एकवीस, कमिशन मिळून जेमतेम सहा महिने. गाडा पेटल्यावर बाहेर पडण्याचा हुकूम आला, तेव्हा तोफ अजून चालते आहे असे कळवून ते आतच राहिले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तो गाडा दुरुस्त करून अहिल्यानगरला, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरला, चिलखती दलाच्या केंद्रात जतन केला आहे. त्याच शहरात १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालयही आहे.

किटमधली पाण्याने चिकटवायची चिन्हे ब्रिटिश पलटणींची. जेएक्स २०२ हे अक्षर-आकडे हातानेच काढावे लागतात. ते काढताना प्रश्न पडतो, कुठल्या दिवसाचा फामागुस्ता? संग्रहालयी रंगाचा, की सोळा तारखेच्या सकाळचा, की दुपारचा?

आमच्या भागात फौजेतून आलेले पुष्कळ. रणगाड्यावर नोकरी केलेले एक निवृत्त हवालदार पेन्शनच्या कामासाठी अजून माझ्याकडे येतात. त्यांनी गाडा हातात घेतला, उलटा केला, चाके मोजली. म्हणाले, "साहेब, इतका सोवळा गाडा म्या परेडलेच पाह्यला." मग यादी सांगितली. ताडपत्री, अंथरुणाच्या वळकट्या, पाण्याचे कॅन, बादली. लढाईतला गाडा म्हणजे चौघांचे घर असते. त्यांनी झाकण उघडून घुमटात डोकावून पाहिले. आत काही नव्हते. माझ्या किटमध्ये आतले भाग येतच नाहीत, झाकण चिकटवून टाकायचे असते. "चौघं बसतेत कुठं?" त्यांनी विचारले. माझ्याजवळ पाच सेंटिमीटर उंचीची माणसेही नव्हती.

त्या दिवसापासून झाकण चिकटवलेले नाही. बादली पितळेतून कापली, वळकट्या टिश्यूपेपर डिंकात भिजवून केल्या. शेजारचा मुलगा साखळपट्ट्यांना लावायला सरोवराच्या वाटेवरची काळी माती चाळून घेऊन आला. छान मऊ पूड होती, पण ती बेसाल्टची. बसंतर वाहते ते शकरगडच्या गाळाच्या मैदानातून. तिथली माती अशी काळी नसते. मुलगा हिरमुसला, म्हणून ती एका डबीत नाव घालून ठेवली. हवालदारांचा एक भाचा सांब्याकडे नोकरीला आहे. त्याला काडेपेटीभर माती पाठवायला सांगितले आहे. पाकीट यायचे आहे. तोवर साखळपट्ट्याच्या कड्या घासतो आहे, एका बाजूला शंभराच्या वर.