पहिली स्कूटर घेताना



आपल्या वस्त्यांमधील कमावता माणूस दिवस उजाडण्याआधीच घराबाहेर पडतो. कारखान्याची पहिली पाळी सकाळी सातला, सफाई खात्याची हजेरी त्याहूनही आधी, दवाखान्यातील आयाबाई आणि परिचारिका यांची वेळ तर घड्याळात बसतच नाही. घर शहराच्या या टोकाला आणि काम त्या टोकाला. नागपुरात इंदोऱ्याहून हिंगण्याच्या एमआयडीसीत जायचे, संभाजीनगरात मुकुंदवाडीहून वाळूजला जायचे, पुण्यात येरवड्याहून चाकणला जायचे, तर बस आणि शेअर रिक्षा मिळून दिवसाचे दोन-अडीच तास रस्त्यावरच जातात. बस चुकली की खाडा पडतो. रात्रपाळी सुटली की भगिनींना सोबत शोधावी लागते. म्हणून बोनस हातात आला किंवा १४ एप्रिल जवळ आली की घराघरांत एकच विषय निघतो, औंदा एक स्कूटर घेऊन टाकू.

विचार चांगलाच आहे. पण आमच्या पाहण्यात असे येते की, गाडी चालवणार एक आणि गाडी पसंत करणार दुसरेच. सून कामाला जाणार, तिला सायकलखेरीज काही चालवण्याचा सराव नाही. आणि शोरूममध्ये दीर, मेहुणा, शेजारचा पोरगा असे चौघे जण जाऊन सर्वांत भारी, सर्वांत जड, सर्वांत चकचकीत गाडी ठरवून येतात. का, तर ‘आपली गाडी उठून दिसली पाहिजे’. ज्यांना पिढ्यानपिढ्या गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांना मानाने फिरावेसे वाटणे आम्ही चूक म्हणणार नाही. मात्र या ठिकाणी बाबासाहेबांच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही.

साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. खानदेशच्या दौऱ्यावरून परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांना आग्रहाने एक रात्र ठेवून घेतले. स्टेशनपासून महारवाडा पायी जाण्याच्या अंतरावर होता. पण एवढ्या मोठ्या पाहुण्याला पायी न्यायचे कसे, म्हणून टांगा ठरवला. टांगेवाले महाराला घेऊन टांगा हाकायला तयार होईनात. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र आपल्यातलाच एक बसला. त्याने जन्मात टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या फरशीच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट खाली नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला, कित्येक दिवस त्यांना हिंडता-फिरता आले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. टांगेवाल्याच्या मनातल्या विटाळाबद्दल तर त्यांनी लिहिलेच. पण आपल्या माणसांनी पाहुण्याचा मान राखण्याच्या भरात त्याच्या जिवाचा विचार केला नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

जिला गाडी चालवायची आहे तिला ती झेपते का, हा प्रश्न म्हणूनच शोरूममध्ये सर्वांत आधी विचारायचा. रंग आणि पिकअप नंतर.

गाडी झेपते की नाही हे पाहण्यासाठी यंत्रातले काही कळावे लागत नाही. ११० सीसीच्या बहुतेक स्कूटरची सीट जमिनीपासून साधारण ७६० ते ७८० मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट उंच असते. जिला चालवायची आहे तिने स्वतः, रोज कामावर घालते त्याच चपलेत आणि त्याच कपड्यांत, सीटवर बसावे. दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी जमिनीला नीट टेकले पाहिजेत. नुसता अंगठा टेकत असेल तर सिग्नलला, चढावर, चिखलात गाडी कलंडणार हे नक्की. मग खाली उतरून गाडी मेन स्टँडवरून काढावी, पाच पावले मागे ढकलावी आणि परत स्टँडवर चढवावी. हे सगळे एकटीने. शोरूमचा मुलगा लगबगीने हात लावायला येईल, त्याला लांब राहायला सांगावे. अरुंद बोळात, दोन गाड्यांच्या मधून रोज सकाळी गाडी काढायला तो येणार नाही.

वजनाचेही असेच आहे. अॅक्टिव्हा, ज्युपिटर, अॅक्सेस या गाड्या शंभर ते एकशे दहा किलोच्या आत-बाहेर भरतात, यामाहाची फॅसिनो नव्व्याण्णव किलोची आहे. पाच-सात किलोंचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. गाडी एका अंगाला झुकली की तोच फरक मनगटाला कळतो. इंजिन ११० सीसीचे असले तरी शहरातल्या जाण्या-येण्याला पुष्कळ झाले. मागे रोज कोणी बसणार असेल किंवा वाटेत उड्डाणपूल आणि घाट असेल तर १२५ सीसीचा विचार करावा, एरवी नाही.

ज्यांच्या वडिलांनी बजाजची चेतक घेतली त्यांना गिअरची स्कूटर आठवत असेल. डाव्या मुठीत क्लच, त्याच मुठीत गिअर, आणि गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसायचे. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. तिला गिअर नव्हते आणि ती बटणावर चालू व्हायची. नव्वदीच्या दशकात स्कूटी आली, २००१ साली अॅक्टिव्हा आली. साडी-पंजाबी ड्रेसमधल्या आपल्या शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या मुली रस्त्यावर दिसू लागल्या त्या या बिनगिअरच्या गाड्यांमुळे. नव्याने शिकणाऱ्याला हीच गाडी सोपी. एक धोका तेवढा लक्षात ठेवावा. घाबरल्यावर माणूस मूठ घट्ट आवळतो आणि उजवी मूठ आवळून फिरली की गाडी थांबण्याऐवजी पळते. पहिल्या आठवड्यात जे पडतात त्यातले बरेच जण असेच पडतात. म्हणून मैदानात आधी थांबायचे शिकावे, चालवायचे मागाहून.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोडब्रेकची किंवा एबीएसची सोय सक्तीची झाली. जोडब्रेक असलेल्या स्कूटरवर डावा ब्रेक दाबला की पुढच्या चाकालाही थोडा ब्रेक लागतो. जुनी गाडी घेतली तर ही सोय असेलच असे नाही, हे ध्यानात असू द्यावे. चाकांकडेही पाहावे. दहा इंची चाक खड्ड्यात चटकन उतरते, बारा इंची त्यापेक्षा सावरून घेते. आपल्या वस्त्यांकडे येणारे रस्ते पाहता आम्ही पुढचे चाक तरी बारा इंची असावे असे म्हणू.

आता पैशाचे. इथे आपली माणसे सर्वांत जास्त फसतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पाटीवर लिहिलेली किंमत ही शोरूमची किंमत. तिच्यावर रस्ता कर, नोंदणी, विमा, आणि बरेचदा न मागितलेले मॅट-गार्ड-कव्हर असे सामान चढते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा जुन्या दराच्या आठवणीवर कोणी भाव सांगत असेल तर मान डोलवू नका. गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा एकूण आकडा, एकेक बाब वेगळी लिहून, कागदावर मागा.

कर्जाचा व्याजदर विचारताना ‘दहा टक्के’ एवढ्यावर समाधान मानू नका. फ्लॅट की घटत्या शिलकीवर, हे विचारा. समजा, ८०,००० रुपये कर्ज, मुदत तीन वर्षे. फ्लॅट दहा टक्के म्हणजे वर्षाला ८,००० प्रमाणे २४,००० रुपये व्याज, आणि महिन्याचा हप्ता सुमारे २,८९० रुपये. तेच दहा टक्के घटत्या शिलकीवर असतील तर हप्ता २,५८० रुपयांच्या आसपास येतो आणि एकूण व्याज तेरा हजारांच्या आत राहते. फ्लॅट दहा टक्के म्हणजे खऱ्या हिशोबाने जवळजवळ अठरा टक्के. शब्द एकच, फरक अकरा हजारांचा! कारखान्याची किंवा खात्याची पतसंस्था असेल तर शोरूममधल्या टेबलावर सही करण्याआधी तिथला दर विचारून यावा. हप्त्याशिवाय पेट्रोल आहेच. रोज २४ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, लिटरला ४५ किलोमीटर असे धरले तर चौदा लिटर लागते. १०५ रुपये भावाने सुमारे १,४५० रुपये. हप्ता, पेट्रोल आणि सर्व्हिसिंग यांच्या बेरजेतून आजचे बस-रिक्षाचे भाडे वजा करा आणि उरलेली रक्कम मुलांच्या फीला हात न लावता निघते का ते पाहा. निघत नसेल तर एक वर्ष थांबण्यात कमीपणा नाही.

कर्ज फिटल्यावर पुष्कळ लोक गप्प बसतात. तसे करू नये. बँकेचा ना-हरकत दाखला घेऊन आरसीवरील बोजा आरटीओकडून उतरवून घ्यावा, नाही तर गाडी विकताना अडते.

इलेक्ट्रिक गाडीबद्दल आम्हाला बरेच विचारले जाते. किलोमीटरमागचा खर्च पेट्रोलपेक्षा खूपच कमी येतो, यात शंका नाही. पण चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने गाडी चार्ज कुठे करायची? खिडकीतून वायर सोडून रात्रभर चार्जिंग करणे म्हणजे आगीला बोलावणे. खाली स्वतःच्या मीटरवरचा, अर्थिंग असलेला प्लग मिळत असेल तरच हा विचार करावा. आणि वजन पाहावे, यातल्या बऱ्याच गाड्या पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा जड असतात. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॅटपर्यंतच्या छोट्या गाड्यांना परवाना लागत नाही म्हणून त्या खपवल्या जातात. वस्तीतून बाजारापर्यंत ठीक, महामार्गाच्या कडेने ट्रकच्या शेजारून एमआयडीसी गाठण्यासाठी नव्हेत.

जुनी गाडी घ्यायची तर ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा. चासी आणि इंजिनचा नंबर आरसीशी ताडून पाहावा, थकलेली ई-चलने आणि विम्याची तारीख पाहावी, आणि २९ व ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. ‘नाव नंतर चढवू’ असे म्हणणाऱ्याला तोच नंतर सापडत नाही.

आणि नावाचाच विषय निघाला आहे तर हे बोललेच पाहिजे. गाडी जी चालवणार तिच्याच नावावर घ्या. पगार तिचा, रोजचा रस्ता तिचा आणि आरसी मात्र नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, असे आपल्या घरांतही सर्रास चालते. हा नुसता मानाचा प्रश्न नाही. विम्याबरोबर मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे अपघात संरक्षण असते. ते नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तरच मिळते. गाडी नवऱ्याच्या नावावर, चालवत होती पत्नी आणि अपघातात तिचे बरे-वाईट झाले, तर त्या संरक्षणातून घरच्यांच्या हाती काही येत नाही. घरातील इतर चालवणार असतील तर त्यांच्यासाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. एजंट आपण होऊन हे सांगेलच असे नाही.

परवान्याचे काम गाडीच्या आधी सुरू करावे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. या काळात पुढे-मागे तांबडे ‘एल’ लावायचे आणि शिकवणाऱ्याशिवाय मागे कोणालाही बसवायचे नाही, लहान मुलाला शाळेत सोडायलाही नाही. विहारापुढचे किंवा शाळेचे मैदान रविवारी पहाटे मोकळे असते. आठ-दहा सकाळी तिथे घालवल्या की हात बसतो. त्यानंतर कामाचा रस्ता सुट्टीच्या दिवशी दोनदा करून पाहावा, कुठे उजवीकडे वळायचे आणि कुठे खडी पसरलेली असते ते डोळ्यांखालून जाते. नववी-दहावीतल्या मुलाच्या हाती मात्र किल्ली देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते.

ओढणी आणि स्कार्फची टोके गाडीवर बसण्यापूर्वी खोचून घ्यावीत. हेल्मेट आयएसआय छापाचेच, आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेले. नव्या गाडीबरोबर विक्रेत्याने हेल्मेट द्यायचे असा नियम आहे, न विसरता मागून घ्या. गाडी ताब्यात घेताना शोरूमवाले नारळ फोडतील, लिंबू-मिरची बांधायला येतील. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने त्यांना हसून नको म्हणावे आणि तेवढ्या वेळात दोन्ही टायरची हवा मोजून घ्यावी, दोन्ही किल्ल्या लावून पाहाव्यात, विम्याच्या कागदावर नाव आणि चासी नंबर बरोबर आहे ना ते वाचावे. पहिल्या सर्व्हिसिंगची तारीख तिथेच लिहून घ्या. आणि शोरूमपासून घरापर्यंत गाडी ज्याचा हात बसलेला आहे त्याने आणावी, ती भर बाजारातली वाट नवशिक्याची नव्हे.