पाळणाघरांना शासकीय अनुदान

शेतावर, बांधकामावर किंवा विड्या वळण्यासाठी जाणाऱ्या स्त्रीपुढे रोज सकाळी पहिला प्रश्न उभा राहतो तो तान्ह्या मुलाचा. घरात वडीलधारे माणूस नसेल तर मूल सोबत न्यावे लागते, नाही तर थोरल्या मुलीच्या कडेवर द्यावे लागते. या दुसऱ्या मार्गाची किंमत शाळेच्या हजेरीपटावर दिसते. भातलावणीच्या किंवा कापूसवेचणीच्या दिवसांत चौथी-पाचवीतील मुली वर्गातून दिसेनाशा होतात, त्यामागे पुष्कळदा धाकट्या भावंडाचा सांभाळ असतो, हे ग्रामीण शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

कायद्याने ही जबाबदारी प्रथम मालकावर टाकली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर आवश्यक ठरविले व १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३० वर आणली. परंतु शेतमजूर किंवा घरकाम करणाऱ्या स्त्रीला असा एक मालक नसतोच. तिच्या मुलाची सोय कोणी करावयाची? महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाड येथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालवून एक वाट दाखविली होती. थोरली मुलगी धाकट्याला घेऊनच शाळेत येते, तर त्या धाकट्याचीही व्यवस्था शाळेजवळच असावी, इतका तो विचार सरळ होता.

१९७४ मध्ये राष्ट्रीय बालक धोरण स्वीकारले गेले. त्याच सुमारास केंद्र शासनाने कामकरी व आजारी मातांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालविणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना साहाय्य देण्याची योजना सुरू केली. १९९४ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर निधी स्थापन झाला व २००६ पासून या दोहोंचे एकत्रीकरण करून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना अमलात आली. एका पाळणाघरात २५ मुले, वय सहा महिने ते सहा वर्षे, हे तिचे प्रमाण. नव्या केंद्रास पाळणे, भांडी, चटया, खेळणी यांसाठी १० हजार रुपयांचे अनावर्ती अनुदान एकदाच मिळे. सेविकेचे मानधन, पूरक आहार व औषधे यांचा आवर्ती खर्च मात्र महिन्यामागून महिना चालूच राहतो, आणि संस्थेची खरी कसोटी तेथेच लागते. अनुदानाचा पुढील हप्ता हिशेब व उपयोगिता प्रमाणपत्र सादर झाल्यावर सुटतो. मुलांची भूक तोवर थांबत नाही. दोन-तीन महिन्यांचा खर्च हाती नसलेल्या लहान संस्थेने हे काम अंगावर घेणे म्हणूनच जोखमीचे असते.

२०१७ पासून ही योजना राज्यांमार्फत राबविण्यात येऊ लागली. सर्वसाधारण राज्यांसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ३० टक्के व संस्थेचा १० टक्के असे सूत्र ठरले. सेविकेस ३ हजार व मदतनीस स्त्रीस १,५०० रुपये मानधन, महिन्यातून २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास काम, अशी रचना होती. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून दरमहा २० रुपये, तर इतरांकडून उत्पन्नानुसार १०० किंवा २०० रुपये घ्यावयाचे होते. कागदावर व्यवस्था नेटकी होती. तथापि पूर्वी देशभर २० हजारांहून अधिक असलेली पाळणाघरे २०२० च्या सुमारास साडेसहा हजारांच्या आसपास उरली. २५ मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या, त्यांना भरविणाऱ्या व निजविणाऱ्या स्त्रीचे मानधन शेतमजुरीहूनही कमी असावे, ही बाब येथे विसरता येत नाही.

२०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’ अंतर्गत ‘पाळणा’ योजना सुरू झाली. तिने भर दिला तो अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्यावर. अंगणवाडी काही तासांनी सुटते आणि आई सायंकाळी परतते; मधल्या वेळेत मूल कोठे राहणार, हा प्रश्न पूर्वी अनुत्तरितच राहत असे. माता कामावर जाते की नाही याची अटही या योजनेत नाही. सर्वसाधारण राज्यांत खर्चाची विभागणी केंद्र ६० व राज्य ४० टक्के अशी आहे.

पंचायतींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट जागेची. हवेशीर खोली, पिण्याचे पाणी, शौचालय आणि दाराबाहेर विहीर वा रहदारीचा रस्ता नसणे, इतके तरी पाहावेच लागते. वेळही गावाच्या कामाप्रमाणे ठेवली पाहिजे. मजूर सकाळी सातला निघत असतील तर दहाला उघडणारे पाळणाघर त्यांच्या उपयोगाचे नाही.

ऊसतोडणी कामगारांचा प्रश्न याहून निराळा आहे. बीडसारख्या जिल्ह्यातून ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात व गळीत हंगाम संपेपर्यंत फडावरच राहतात. अनुदान एका गावातील एका खोलीस मिळते. ही मुले त्या काळात त्या गावात नसतात. फडावर पहाटे तोडणी सुरू होते, तेव्हा ती पाचटाजवळच, साडीच्या झोळीत असतात.