आवाजाचा ताण आणि कॅमेऱ्याचा डोळा

घसा बसला म्हणजे आवाज घोगरा होतो, हे कानांना कळते. परंतु तो का बसला, हे जाणण्यासाठी स्वरयंत्रात डोकावावेच लागते.

स्वरयंत्रात दोन मऊ स्वरतंतू असतात. बोलताना ते जवळ येतात व फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने कंप पावतात. प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात ही कंपने सेकंदाला शंभर-सव्वाशे, तर स्त्रीच्या बोलण्यात सुमारे दोनशे असतात.

इ. स. १८५४ मध्ये मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने लहान आरसे व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. मात्र इतक्या जलद गतीचा मागोवा नुसत्या डोळ्याने घेता येत नाही. पुढे स्ट्रोबोस्कोप आला. त्याच्या ठराविक वेळाने लुकलुकणाऱ्या प्रकाशात कंपने संथ भासतात; पण त्यासाठी ती नियमित असावी लागतात, आणि बिघडलेल्या आवाजात नेमकी तीच नियमितता ढळते. ही उणीव अतिजलद कॅमेऱ्याने भरून काढली. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सेकंदाला सुमारे ४००० चित्रे घेऊन स्वरतंतूंची हालचाल टिपण्यात आली.

आज तोंडावाटे वा नाकावाटे घातलेल्या दुर्बिणीला असा कॅमेरा जोडतात. संगणक प्रत्येक चित्रात स्वरतंतूंच्या कडा आखतो. दोन्ही बाजू सारख्या हलतात काय, मधली फट पुरती मिटते काय, कंपनांची लय टिकते काय, हे त्यावरून मोजता येते. ताणाची आणखी एक खूण म्हणजे स्वरतंतूंच्या वरच्या घड्या मध्यभागी आवळल्या जाणे. तथापि अशी आवळण काही निरोगी माणसांतही दिसते. म्हणून सुज्ञ वैद्य केवळ चित्रावर विसंबत नाही. तो आवाज ऐकतो आणि रुग्णाची हकीकतही विचारतो.

शिक्षक, गायक, कीर्तनकार यांची उपजीविका आवाजावर चालते. त्यांनी, आणि मैदानावर आरडाओरड करणाऱ्या आपणही, एवढे ध्यानी धरावे: घसा बसला असता ओरडू नये, जोर लावून कुजबुजूही नये, पाणी प्यावे व आवाजाला विश्रांती द्यावी. तीन-चार आठवड्यांत घोगरेपणा गेला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे अवश्य जावे. वीणेची तार तुटली तर नवी बसविता येते. कंठातील तार मात्र जन्मभर एकच असते.